बालकांचा काचबिंदु व त्यावरील शस्त्रक्रिया

काचबिंदु हा शब्द कानावर पडला म्हणजे सामान्यतः साठी उलटलेला, चष्मा पुसून पुसून वर्तमानपत्र वाचूं पाहणारा मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. हा म्हातारपणाचा रोग, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतहि रुजलेली आहे. परंतु हाच रोग कांहीं अर्भकांस जन्मतःच असतो, कांहींस पाळण्यांत असतांनाच जडतो. वृद्धाच्या काचबिंदूला दृष्टि हिरावून घेण्यास जेथें वर्षानुवर्षें लागतात, तेथें अर्भकाच्या काचबिंदूला थोडे महिने पुरतात. अशा बालकाची दृष्टि राहणार कीं जाणार, हें बहुतेक वेळां दोन गोष्टींवर ठरतें : घरांतील माणसांच्या लक्षांत रोग किती लवकर आला, आणि योग्य ती शस्त्रक्रिया किती लवकर झाली. ह्या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम रोगाचें मूळ पाहणें अवश्य आहे. डोळा हा भरीव गोळा नसून आंतील पाण्यानें व पारदर्शक द्रव्यानें ताणून धरलेली एक पोकळ गोळी आहे. बाहुलीभोंवतींच्या रंगीत पडद्यामागें एक मांसल वलय असतें. त्यांतून स्वच्छ पाणी अहोरात्र पाझरत असतें. हें पाणी म्हणजे अश्रु नव्हेत. अश्रु डोळ्याच्या बाहेरच्या अंगास असतात. प्रौढ मनुष्याच्या डोळ्यांत तें दर मिनिटास अवघें दोन ते अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाच्या लहानशा अंशाइतकेंच, तयार होतें. बाहुलींतून तें पुढें येतें, समोरचें पारदर्शक पटल व रंगीत पडदा जेथें एकमेकांस भेटतात त्या कोपऱ्यांत पोंचतें, तेथील बारीक जाळींतून झिरपतें, आणि जाळीमागच्या वर्तुळाकार नळीवाटे अखेर रक्तांत मिसळतें. फ्रीड्रिख श्लेम ह्या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञानें १८३० सालीं ह्या नळीचें वर्णन केलें. तेव्हांपासून ती श्लेमची नळी ह्या नांवानें ओळखली जाते.

घरांतील मोरीचा दाखला येथें उपयोगी पडेल. नळ अखंड वाहत आहे आणि मोरीचें तोंड तुंबलें आहे, अशी स्थिति झाली तर पाणी सांचणारच. डोळ्यांत ह्या सांचण्याचें रूपांतर दाबांत होतें. प्रौढाच्या निरोगी डोळ्यांतील दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. तान्ह्या मुलाचा त्याहूनहि कमी असतो. हा दाब वाढला कीं डोळ्याच्या मागच्या बाजूनें मेंदूकडे जाणारी दृष्टितंतूंची जुडी दडपली जाते व एकेक तंतु मरूं लागतो. मेलेला तंतु पुन्हां जिवंत होत नाहीं, आणि त्याच्याबरोबर गेलेली दृष्टि कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. बालकाच्या जन्मजात काचबिंदूंत मोरींत बाहेरून कांहीं येऊन अडकलेलें नसतें; गर्भावस्थेंत ती जाळीच नीट घडलेली नसते.

ह्यापुढें मात्र बालकाचा डोळा आणि प्रौढाचा डोळा ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात. प्रौढाच्या डोळ्याचें कवच टणक असल्यामुळें तें ताणत नाहीं. बालकाचें कवच पहिल्या तीनएक वर्षांत कोवळें असतें; दाबाखालीं तें फुग्याप्रमाणें ताणतें व डोळा आकारानें मोठा होतो. म्हणूनच युरोपांतील वैद्यांनीं ह्या अवस्थेस ‘बुफ्थाल्मॉस’ असें ग्रीक नांव दिलें. त्याचा अर्थ बैलाचा डोळा. नवजात मुलाच्या पारदर्शक पटलाची रुंदी सुमारे १० मिलिमीटर असते. पहिल्या वर्षाच्या आंत ती १२ मिलिमीटरांच्या वर गेली तर संशय घ्यावयास जागा आहे.

आणि येथेंच घरोघर फसगत होते. मोठे, टपोरे डोळे हें सौंदर्याचें लक्षण मानण्याची पद्धति आहे. बारशाला जमलेल्या बायका बाळाच्या डोळ्यांचें कौतुक करतात, ते कोणावर गेले ह्याविषयीं दोन्ही घरच्या आज्यांत गोड वाद होतो, दृष्ट काढली जाते. परंतु हे डोळे दर महिन्यास वाढत आहेत काय, किंवा एक डोळा दुसऱ्याहून मोठा दिसतो काय, हें पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. मोठा डोळा प्रत्येक वेळीं रोगीच असतो असें नव्हे. पण मोठ्या डोळ्याबरोबर पुढील तीन लक्षणें आढळलीं, तर एक दिवसहि थांबूं नये. पहिलें लक्षण, डोळ्यांतून सतत पाणी वाहणें. दुसरें, उजेड सहन न होणें. असें मूल उन्हांत नेतांच तोंड फिरवितें, आईच्या खांद्यांत किंवा उशींत चेहरा खुपसतें. तिसरें, पापण्या घट्ट मिटून घेणें. ह्यांच्या जोडीस पारदर्शक पटल धुरकट, निळसर किंवा दुधाळ दिसूं लागलें, तर रोग बराच पुढें गेला असें समजावें.

डोळ्यांतून पाणी येणें हें लक्षण विशेष फसवें आहे, कारण अश्रु नाकांत नेणारी वाहिनी चोंदलेली असणें ही तान्ह्या मुलांत अगदीं नेहमींची गोष्ट होय, व ती बहुधा पहिल्या वर्षांत आपोआप बरीहि होते. दोहोंतील भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. वाहिनी चोंदलेली असेल तर पाण्याबरोबर चिपडें येतात, पण मूल उजेडाला भीत नाहीं आणि पटल आरशासारखें स्वच्छ राहतें. काचबिंदूंत चिपडें सहसा नसतात. उजेडाची भीति मात्र असते. ह्या दोहोंचा निर्णय घरीं बसून काजळ, मध किंवा आईचें दूध डोळ्यांत घालून करण्याचा नव्हे. त्या उपायांनीं रोग हटत नाहीं, जंतूंचा संसर्ग होण्याची भीति असते, आणि सर्वांत मोठी हानि म्हणजे वेळ जातो.

रोग विरळा आहे, परंतु सर्वत्र सारखाच विरळा नाहीं. पाश्चात्य देशांत दहा ते वीस हजार जन्मांमागें एका मुलास तो होतो असा अंदाज आहे. आंध्र प्रदेशांतील पाहणीवरून तेथें सुमारे ३,३०० जन्मांमागें एक मूल ह्या रोगाचें निघतें. सौदी अरेबियांत हें प्रमाण सुमारे २,५०० मागें एक आहे, तर स्लोव्हाकियांतील रोमा समाजांत १,२५० मागें एक. ह्या फरकाचें एक मोठें कारण रक्तसंबंधांत होणारे विवाह हें होय. ह्या रोगाशीं निगडित असलेला सीवायपी-१बी-१ हा जनुक १९९७ सालीं सांपडला. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या मनुष्यास कांहीं होत नाहीं. परंतु आईबाप दोघांकडेहि अशी प्रत असेल, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. आतेमामे भावंडांच्या लग्नाची चाल महाराष्ट्रांतील कांहीं समाजांत व दक्षिणेकडे पुष्कळ ठिकाणीं आहे. तेथें हा विचार अगत्यानें व्हावयास हवा. घरांत एका मुलास हा रोग निघाला असेल, तर पाठच्या प्रत्येक भावंडाचे डोळे जन्मल्याबरोबर तपासून घ्यावे.

रोगाची निश्चिति करण्यासाठीं तान्ह्या मुलास बहुधा भूल द्यावी लागते, कारण रडणाऱ्या, डोळे मिटणाऱ्या मुलाच्या डोळ्यांतील दाब बिनचूक मोजतां येत नाहीं. भुलेच्या औषधांनींहि दाब बदलतो, हें ध्यानांत घेऊनच वैद्य तो लवकरांत लवकर मोजून घेतो. त्यानंतर पटलाची रुंदी, डोळ्याची लांबी, कोपऱ्याची रचना व दृष्टितंतूंची स्थिति हीं सर्व पाहिलीं जातात. निदान ठरलें तर पुष्कळदां त्याच भुलेंत शस्त्रक्रियाहि उरकली जाते. एवढ्याशा जिवाला भूल कशी द्यावयाची, ही आईबापांची शंका स्वाभाविक आहे. परंतु बालकांस भूल देण्यांत निष्णात असलेला वैद्य व तशी सोय असलेलें रुग्णालय निवडलें, तर हा धोका थोडा असतो. शस्त्रक्रिया न केल्यास अंधत्व मात्र जवळजवळ निश्चित असतें.

येथें असा प्रश्न उपस्थित होतो कीं, प्रौढांचा काचबिंदु थेंबांनीं आटोक्यांत राहतो, तर मुलांचा कां राहूं नये ? त्याचें उत्तर मोरीच्या दाखल्यांतच आहे. औषध नळ थोडा बारीक करूं शकतें, परंतु जी वाट घडलीच नाहीं ती औषध घडवूं शकत नाहीं. म्हणून बालकांत थेंब व ॲसिटाझोलामाइडसारखीं औषधें शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस निभावून नेण्यासाठीं, पटलाचा धुरकटपणा कमी करण्यासाठीं, किंवा शस्त्रक्रियेनंतर उणीव राहिल्यास ती भरून काढण्यासाठीं वापरतात. शिवाय प्रौढांचीं औषधें बालकांस निर्धोक असतातच असें नाहीं. टिमोलोलनें तान्ह्या मुलाचा श्वास व नाडी मंदावूं शकते. ब्रिमोनिडीन हें तर दोन वर्षांखालील मुलास देऊंच नये, कारण त्यानें मूल गुंगींत जातें व श्वास अडखळतो. आजोबांच्या काचबिंदूचे थेंब नातवाच्या डोळ्यांत घालण्याचें धाडस कोणीं करूं नये, तें ह्यासाठींच.

आतां शस्त्रक्रियांकडे वळावयाचें. त्यांचे तीन वर्ग पडतात : तुंबलेली मूळची वाट मोकळी करणें, नवी वाट काढून देणें, आणि नळच बारीक करणें.

पहिल्या वर्गांतील आद्य शस्त्रक्रिया म्हणजे गोनिओटॉमी, अर्थात् कोपऱ्याचा छेद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील नेपल्स येथें दे विन्चेंतीस ह्या वैद्यानें असा छेद घेण्याचा प्रयत्न केला होता. परंतु त्या काळीं तो कोपरा डोळ्यांना दिसत नसल्यामुळें काम अंदाजानें होई, व ती पद्धति मागें पडली. सॅन फ्रान्सिस्को येथील ऑटो बार्कन ह्या नेत्रवैद्यानें डोळ्यावर विशिष्ट भिंग बसवून तो कोपरा प्रत्यक्ष पाहत पाहत छेद घेण्याची रीति सिद्ध केली, व १९३८ सालीं ती प्रसिद्ध केली. १९४२ मध्यें त्यानें जन्मजात काचबिंदूवरील ह्या शस्त्रक्रियेचें सविस्तर विवेचन केलें. तोंपर्यंत अशा मुलाच्या नशिबीं बहुधा अंधत्वच असे. ह्या शस्त्रक्रियेंत सुईसारखी बारीक सुरी पटलाच्या कडेनें आंत घालून, बाहुलीसमोरून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत नेतात व तेथील जाळीवर घेराच्या सुमारे तृतीयांश भागांत उथळ छेद देतात. छेद पडतांच रंगीत पडदा किंचित् मागें सरतो व वाट उघडते. बार्कनची कल्पना अशी होती कीं, जाळीवर एक पातळ पापुद्रा असतो व तो कापल्यानें पाणी वाहूं लागतें. पुढें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां तसा पापुद्रा आढळला नाहीं. दोष जाळीच्या दाट व अपक्व घडणींतच आहे असें दिसून आलें. उपपत्ति चुकली, परंतु उपाय टिकला. आजहि तो केला जातो, व गरज पडल्यास उरलेल्या घेरांत पुन्हांहि करतां येतो.

गोनिओटॉमीस एक अट आहे : पटल स्वच्छ असलें पाहिजे. धुरकट काचेंतून खोलींतलें कांहीं दिसत नाहीं, तद्वत् धुरकट पटलांतून कोपरा दिसत नाहीं. ही अडचण ट्रॅबेक्युलोटॉमी ह्या शस्त्रक्रियेनें दूर केली. १९६० सालीं इंग्लंडमध्यें रेडमंड स्मिथ ह्यानें, व त्याच वर्षीं अमेरिकेंत हरमन बुरियन ह्यानें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें ती प्रसिद्ध केली. हींत डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचा लहानसा पदर उचलून श्लेमची नळी बाहेरून शोधतात, तिच्यांत बारीक तार सरकवितात, आणि ती तार आंतल्या बाजूस फिरवून जाळी फाडतात. पटल धुरकट असो वा स्वच्छ, ह्या मार्गास बाध येत नाहीं. १९९५ मध्यें बेक व लिंच ह्यांनीं बारीक धागा नळीच्या संपूर्ण घेरांतून फिरवून तो ओढून घेण्याची, म्हणजे सारी जाळी एकाच वेळीं उघडण्याची, रीति वर्णिली. अलीकडे टोंकाशीं प्रकाश असलेली सूक्ष्म नलिकाहि ह्या कामीं वापरतात. तिचा प्रकाश बाहेरून दिसत असल्यामुळें ती भलत्या वाटेनें गेल्यास शस्त्रवैद्यास तत्काळ कळतें.

दुसरा वर्ग नव्या वाटेचा. इंग्लंडमध्यें केंब्रिज येथील केर्न्स ह्यानें १९६८ सालीं ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही शस्त्रक्रिया वर्णिली. हींत कवचाच्या पदराखालून पाण्यास बाहेर पडण्यासाठीं छिद्र ठेवतात. तें पाणी वरच्या पापणीआड, डोळ्यावरच्या पातळ त्वचेखालीं लहानशा फुगीर जागीं जमतें व शोषलें जातें. प्रौढांत ही शस्त्रक्रिया नामांकित आहे. बालकांत अडचण अशी कीं, त्यांची जखम फार जोमानें भरून येते, आणि शस्त्रवैद्यानें मुद्दाम उघडी ठेवलेली वाटहि निसर्ग बुजवून टाकतो. तसें होऊं नये म्हणून मायटोमायसीन हें औषध जखमेस थोडा वेळ लावतात. परंतु त्यानें त्या फुगीर जागेची भिंत पातळ होते, व पुढें आयुष्यभर तेथें जंतु शिरण्याची भीति राहते. अशा मुलाचा डोळा लाल झाला, दुखूं लागला किंवा पूं आला, तर तो डोळे येण्याचा साधा प्रकार न मानतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

भारतांत मुलें पुष्कळदां उशिरां, पटल धुरकट झाल्यावर, वैद्याकडे येतात. हें ओळखून येथील शस्त्रवैद्यांनीं ट्रॅबेक्युलोटॉमी व ट्रॅबेक्युलेक्टॉमी ह्या दोन्ही एकाच बैठकींत करण्याचा मार्ग विशेषेंकरून अवलंबिला : मूळची वाटहि उघडावयाची आणि नवीहि ठेवावयाची. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील डॉ. अनिलकुमार मंडल ह्यांचें ह्या विषयांतील कार्य सर्वमान्य असून २००३ सालीं त्यांस शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. निवडक बालकांत दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया एकाच भुलेंत, परंतु प्रत्येक डोळ्यासाठीं हत्यारें व निर्जंतुक तयारी पूर्णपणें वेगळी ठेवून, करतां येते, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें.

हे उपाय अपुरे पडले तर नळी बसविण्याचा विचार करतात. दक्षिण आफ्रिकेंतील अँथनी मोल्टेनो ह्यानें १९६९ सालीं अशा साधनाची वाट दाखविली. हींत बारीक नळीचें एक टोंक डोळ्याच्या पुढच्या भागांत व दुसरें डोळ्यावर मागें शिवलेल्या चकतीवर ठेवतात. परदेशीं बनावटीचीं हीं साधनें महाग असल्यामुळें मदुराईच्या ऑरोलॅबनें तयार केलेलें स्वस्त साधन भारतीय कुटुंबांस मोठें साहाय्यकारक झालें आहे. मूल वाढतें तसा डोळाहि वाढतो, व त्यामुळें नळी जागची हलण्याचा किंवा पटलास घासण्याचा संभव असतो. म्हणून तिच्यावर नजर ठेवावी लागते.

तिसरा वर्ग नळ बारीक करण्याचा. डायोड लेसरच्या किरणांनीं पाणी निर्माण करणाऱ्या वलयाचा कांहीं भाग जाळतात. त्यांत चिरफाड नाहीं. परंतु जळलेला भाग परत मिळत नाहीं, परिणाम किती होईल हें आधीं सांगतां येत नाहीं, आणि प्रमाण अधिक झाल्यास डोळाच सुकण्याची भीति असते. ह्यास्तव इतर मार्ग खुंटल्यावरच बहुधा ह्याचा अवलंब करतात.

एवढ्या उपायांतून निवड कशी करावयाची ? पटल स्वच्छ असेल तर गोनिओटॉमी किंवा ट्रॅबेक्युलोटॉमी ह्यांतील कोणतीहि चालते, व दोहोंचे परिणाम जवळजवळ सारखे येतात. अशा वेळीं शस्त्रवैद्याचा हात कोणत्या क्रियेवर बसला आहे, हेंच महत्त्वाचें. पटल धुरकट असेल तर बाहेरून जाणारा मार्ग घ्यावा लागतो. तीन महिने ते एक वर्ष ह्या वयांत ज्यांचा रोग प्रकट होतो, त्या मुलांत शंभरांपैकीं ऐंशी ते नव्वदांचा दाब एका वा दोन शस्त्रक्रियांनीं आटोक्यांत येतो. जन्मतःच डोळा धुरकट व मोठा असेल तर यश तितकें नसतें. दुसऱ्यांदां शस्त्रक्रिया करावी लागली म्हणजे पहिली फसली, असें आईबापांनीं मानूं नये.

दाब उतरला म्हणजे काम संपलें, असेंहि नव्हे. ताणलेल्या डोळ्यास लांबचें दिसत नाहीं, म्हणून चष्मा लागतो, व तो दीड-दोन वर्षांच्या मुलासहि लावावा लागतो. एक डोळा दुबळा राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करूं लागतो; तेव्हां चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी बांधून दुबळ्या डोळ्यास कामास लावावें लागतें. हें काम शस्त्रवैद्याचें नव्हे, घरच्या माणसांचें आहे, आणि तें महिनोन् महिने चिकाटीनें करावें लागतें. ताणलेलें कवच पातळ असल्यामुळें चेंडू, विटीदांडू अशा खेळांत डोळ्याचें रक्षण करावयास हवें. १९५८ सालीं जन्मलेल्या आंद्रेआ बोचेल्ली ह्या प्रख्यात इटालियन गायकास जन्मजात काचबिंदु होता. बाराव्या वर्षीं फुटबॉल खेळतांना झालेल्या अपघातानंतर त्याची उरलेली दृष्टिहि गेली. दाब पुन्हां कोणत्याहि वयांत वाढूं शकतो, म्हणून तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. मूल मोठें झाल्यावर त्याला ही गोष्ट नीट समजावून सांगणें हाहि उपचाराचाच भाग होय.

आणखी एक इशारा शहरांतील कुटुंबांस द्यावयास हवा. मुलांत होणारा प्रत्येक काचबिंदु जन्मजात नसतो. बालपणींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो उद्भवूं शकतो. चेहऱ्यावर जन्मतः मोठा लालसर डाग असलेल्या मुलांतहि त्याची भीति असते. परंतु टाळतां येण्यासारखा एक प्रकार स्टिरॉइड थेंबांमुळें होतो. डोळ्यांस खाज सुटणाऱ्या ॲलर्जीवर ह्या थेंबांनीं तात्काळ आराम पडतो, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून ते दुकानांतून पुनःपुन्हां आणले जातात. कांहीं महिन्यांत दाब वाढतो, आणि मोठ्या मुलाचा डोळा ताणत नसल्यामुळें बाहेरून कांहींच दिसत नाहीं. वैद्यानें सांगितलेल्या मुदतीपलीकडे असे थेंब एक दिवसहि घालूं नयेत.

अर्भकाच्या डोळ्याचें एक वैशिष्ट्य मात्र आशा वाटावी असें आहे. दाबाखालीं दृष्टितंतूंच्या मुळाशीं पडलेली खोलगट वाटी प्रौढांत कायम राहते. बालकांत दाब वेळेवर उतरला तर ती पुष्कळदां भरून येते. परंतु त्यास वेळेची मर्यादा आहे. बाळ अंगानें जरा सुधारूं दे, दांत येऊं देत, चातुर्मास संपूं दे, मग पाहूं, अशा बोलण्यांत जे आठवडे जातात, त्यांची किंमत त्या मुलास पुढें साऱ्या आयुष्यांत मोजावी लागते. अशा घरांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें कीं, ह्या रोगांत नेत्रतज्ज्ञानें दिलेला सर्वांत जवळचा दिवस हाच सर्वांत चांगला मुहूर्त होय.